पहिल्या तबकड्या आणि त्यांचे रस्ते

मुंबईच्या मेटलचा आढावा घ्यायचा म्हटलं की आमचे काही जाणकार मित्र परदेशी महोत्सवांची यादी काढून बसतात. डेमॉनिक रिझरेक्शन २०१० साली नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आले, त्याच वर्षी मेटल हॅमर मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार त्यांना मिळाला, २०१४ साली ते जर्मनीच्या वाकेनला गेले. यादी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण पासपोर्टवरचे शिक्के मोजून संगीताचा इतिहास लिहिता येत नाही. आपल्या बँडांचे पहिले अल्बम घडले ते देशातल्या देशात, रेल्वेच्या स्लीपर डब्यांत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मैदानांवर, आणि तेच कुणी नीट लिहून ठेवलं नाही.

सुरुवातीचा भाग झटक्यात उरकतो. १९८६ साली फरहाद वाडियांनी इंडिपेंडन्स रॉक महोत्सव सुरू केला. रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८ साली आला आणि पुढे १९९३ मध्ये ते इंडस क्रीड झाले. त्याच वर्षी सैगल दांपत्याने अलाहाबादेतून रॉक स्ट्रीट जर्नल हे नियतकालिक काढलं. यावर इंग्रजीत भरपूर छापून आलंय, ज्याला हवं त्याने ते वाचावं.

रंगभवनापाशी मात्र थांबावंच लागतं. धोबीतलावचं, सेंट झेवियर्सच्या शेजारचं ते खुलं नाट्यगृह. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा तिथेच झाली. इंडिपेंडन्स रॉकमध्ये घामेजलेल्या काळ्या टीशर्टांची पिढी तिथेच वाढली. मग २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, दुसरीकडे कामा आणि जी.टी. ही रुग्णालयं. रुग्णांची झोप मोलाची आहे, याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की एक मंच बंद करताना दुसरा द्यायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

याच पोरक्या काळात स्क्राइब हा मेटलकोर बँड उभा राहिला. वर्ष २००५, गाव मुंबई. आता इथे मी जरा ऐसपैस बसतो, कारण गेली कित्येक वर्षं या बँडची बाजू मी एकट्यानेच लढवत आलोय असं मला वाटतं. मेटलकोर म्हणजे काय हे इथल्या वाचकाला सांगायला नको: हार्डकोर पंकची तडफ, स्वीडिश मेटलच्या सुरावटी, घसा फाडून केलेलं गाणं आणि मध्येच सगळं निम्म्या लयीवर आणून आपटणारा ब्रेकडाउन. मिरवणुकीत हलगीवाला भर गर्दीत अचानक ठेका जड करतो आणि नाचणाऱ्यांचे पाय एकदम जमिनीला धरतात, तसाच हा प्रकार. आमच्याकडच्या पोराला तो समजावून द्यावा लागत नाही.

स्क्राइबचा पहिला अल्बम ‘कन्फेक्ट’ २००८ साली आला. तो काढणारी डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्स ही डेमॉनिक रिझरेक्शनच्या साहिल मखिजाची. स्वतःचा बँड सांभाळून इतरांच्या तबकड्या काढणारा, पुढे स्वयंपाकाचा कार्यक्रमही चालवणारा हा गृहस्थ नसता तर त्या दशकातलं निम्मं काम हार्ड डिस्कवरच मेलं असतं. ‘कन्फेक्ट’मध्ये गाणं एका वळणावरून दुसऱ्या वळणावर असं उडी मारतं की ऐकणाऱ्याची मान आखडावी. पण मला त्यातली थट्टा अधिक आवडली. त्याआधीचे आपले बहुतेक मेटलवाले मढ्यावरून उठून आल्यासारखे गंभीर असत. विश्वेश कृष्णमूर्ती माइक हातात घेऊन किंचाळायचा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना हसवून बेजार करायचा. पुढच्या अल्बमांची नावंच पाहा: २०१० चा ‘मार्क ऑफ तेजा’ आणि २०१४ चा ‘हेल मोगॅम्बो’. ‘अंदाज अपना अपना’ आणि ‘मिस्टर इंडिया’ पाठ असलेल्या पोरांचं ते मेटल होतं. मखिजाच्याच वर्कशॉप बँडने २००९ साली ‘खूनी मुर्गा’ नावाचा अल्बम काढला, तोही याच गोत्रातला. ‘हा पोरकटपणा आहे, मेटल नव्हे,’ असं तेव्हा एका विद्वानाने मला सुनावलं होतं. त्या विद्वानांच्या आवडत्या बँडांची नावं आज त्यांनाही आठवत नसतील.

भयानक मौतचं काम याहून करडं. त्यांचा बँडच्याच नावाचा अल्बम २००९ चा आणि ‘मॅन’ २०१४ चा. मेटलकोरपासून निघून ते अधिक काळ्या, अधिक जड वाटेने गेले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, म्हणून इथे एवढंच.

या बँडांचे दौरे म्हणजे मुख्यतः कॉलेजांचे महोत्सव. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोतली लाइव्हवायर स्पर्धा जिंकली की नाव व्हायचं, मग बाहेरगावची बोलावणी. गिटार बर्थखाली, ड्रमसेट त्या गावात भाड्याचा, आणि तो वाजण्याच्या लायकीचा असेल याची हमी नाही. साउंडवाला आदल्या दिवशी ऑर्केस्ट्रा करून आलेला, त्याला डबल बास पेडलचा आवाज म्हणजे यंत्रातला बिघाड वाटायचा. अशा ठिकाणी रोज वाजवून गाणी घट्ट होतात. कुठला ब्रेकडाउन लांबवायचा, कुठला कापायचा, हे समोरची पोरं शिकवतात. म्हणून मी म्हणतो, पहिला अल्बम स्टुडिओत फक्त नोंदवला जातो.

आणि समोरची पोरं कोण होती? ‘माकणीच्या माणसाचा याच्याशी काय संबंध?’ असं मला एका परिसंवादात हसत विचारण्यात आलं. संबंध आहे. आमच्या माकणीला तेरणेवर धरण आहे, लोहारा तालुका आहे, आणि १२ वीनंतर पुण्या-मुंबईच्या होस्टेलांत जाणारी पोरं आहेत. धाराशिव, लातूर, सोलापूरकडच्या याच पोरांनी पेनड्राइव्हवरून ही गाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेली, आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आणली. हा श्रोता कुठल्याच यादीत नाही.

आता पहिल्या अल्बमांचं तिकडे काय करतात ते पाहा. अमेरिकेच्या किलस्विच एंगेजचा पहिला अल्बम २००० साली फेरेट या छोट्या कंपनीने काढला. बँड मोठा झाल्यावर २००५ साली तोच अल्बम जुन्या डेमोतली गाणी जोडून पुन्हा काढला गेला. ट्रिव्हियमचा ‘एम्बर टू इन्फर्नो’ २००३ चा, त्याची २०१६ ची आवृत्ती बँडच्या पोरवयातल्या डेमोंसकट आली. या नव्या आवृत्त्यांत आवाज फुगवण्याचा जो सोस असतो तो मला मान्य नाही. मूळ ध्वनिमुद्रणातला खरखरीतपणा हाच त्या वयाचा पुरावा असतो, तो घासून काढू नये. पण डेमो, छायाचित्रं, कोण कुठे काय वाजवत होतं याची नोंद, हे सगळं त्या निमित्ताने एका जागी येतं. आपल्याकडे ही रीत रुजलीच नाही.

आणि नवं काय होतंय? सनबर्न हा डीजेंचा महोत्सव २००७ साली गोव्यात सुरू झाला, २०१६ साली पुण्यात आला. कॉलेजांनी त्याचा धडा फार लवकर घेतला: पाच जणांच्या बँडपेक्षा एक डीजे स्वस्त, त्याला ड्रमसेट लागत नाही. त्याच २०१६ साली मुंबईतला ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब बंद झाला. आजचे बँड तंत्रात आमच्या वेळच्यांपेक्षा सरस आहेत, हे कबूल. पण महिन्याला एक सुटं गाणं सोडायचं, त्यावर किती जणांनी बोट ठेवलं ते मोजायचं, आणि मंचावर वर्षातून दोनदा चढायचं, याला दौरा म्हणत नाहीत.

ज्यांच्याकडे २००० ते २०१० मधल्या आपल्या बँडांच्या सीडी, डेमो, कॉलेज महोत्सवांची पत्रकं किंवा कुणी हातातल्या कॅमेऱ्यावर घेतलेलं चित्रण असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. सीडीची प्रत आजच काढून ठेवा, पत्रकावर गाव आणि साल लिहा, आणि बँडमधलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना कळवा.