लोकांचें ग्रंथालय आणि सरकारचें अनुदान

गोंदिया जिल्ह्यांतील बिरसी हें गांव बाहेरच्या लोकांस ठाऊक झालें तें तेथील विमानतळामुळें. दुसरें महायुद्ध चालू असतां १९४० सालीं ब्रिटिश सरकारनें येथें धावपट्टी बांधली आणि २०२२ सालीं येथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. धावपट्टी व्हावी म्हणून गांवकऱ्यांस मंडळ स्थापावें लागलें नाहीं, कीं वर्गणी जमवावी लागली नाहीं. सरकारास गरज वाटली व सरकारनें ती बांधली. सार्वजनिक ग्रंथालयाची रीत मात्र महाराष्ट्रांत अगदीं निराळी आहे. बिरसीसारख्या गांवांत ग्रंथालय असावें असें कोणास वाटलें, तर पहिलें पाऊल गांवानेंच टाकावयाचें असतें. सरकार मागून येतें, आणि येतें तें अनुदानाच्या रूपानें. हें अनुदान कोणत्या तत्त्वावर दिलें जातें, तें कशावर खर्च होतें आणि कोठें अपुरें पडतें, हें वाचनाची आवड असणाऱ्या प्रत्येक घरानें समजून घेण्याजोगें आहे.

ही रीत आजची नव्हे. रत्नागिरीस १८२८ सालीं व नाशिकास १८४० सालीं वाचनालयें निघालीं. पुढें १८९३ सालीं ठाण्याचें आणि १८९८ सालीं मुंबईचें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. वर्गणी, देणग्या आणि चार उत्साही माणसांची चिकाटी एवढेंच अशा संस्थांचें भांडवल असे. सरकारनें या कामीं नियमितपणें हात लावावा, ही कल्पना पुढची. तिचा ठळक प्रयोग बडोद्यास झाला. सयाजीराव गायकवाडांनीं १९१० सालीं अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचें जाळें विणण्यास आरंभ केला. खेड्यासाठीं तेथील नियम मोठा सुटसुटीत होता. गांवानें जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीनें द्यावी आणि तेवढीच संस्थानानें. गांवाचा एक रुपया अशा रीतीनें तीन रुपयांचें काम करी.

ब्रिटिश मुलखांत मुंबई सरकारनें १९३९ सालीं आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. राजधानींतील मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यांतील वाचनालयापर्यंत पायऱ्या बांधून त्या एकमेकींस जोडाव्या, अशी योजना तिनें मांडली. परंतु महायुद्ध आडवें आलें आणि योजना अमलांत येण्यास विलंब लागला. दरम्यान कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून या बाबतींत आघाडी मारली. राज्य एक झाल्यावर सर्व विभागांस लागू होणारा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालीं संमत झाला व १ मे १९६८ पासून अमलांत आला. अनुदानाचे तपशीलवार नियम १९७० सालीं झाले. गोंदिया, भंडारा हा सगळा पूर्व विदर्भ तेव्हांपासून याच कायद्याखालीं आहे.

या कायद्याचें वैशिष्ट्य शेजारच्या कायद्यांशीं ताडून पाहिलें म्हणजे कळतें. मद्रासनें १९४८ सालीं कायदा केला, त्यांत ग्रंथालयासाठीं मालमत्ता-करावर उपकर बसविला आणि ग्रंथालयें चालविण्याचें काम सार्वजनिक प्राधिकरणांकडे दिलें. कर्नाटकानेंही १९६५ सालच्या कायद्यानें उपकराचाच मार्ग धरला. महाराष्ट्रानें उपकर बसविला नाहीं. येथें ग्रंथालय निधि स्थापन झाला आणि त्यांत राज्यानें दरसाल निदान २५ लाख रुपये घालावे, असें कायद्यांत लिहिलें गेलें. ग्रंथालयें मात्र लोकांच्या संस्थांकडेच राहिलीं.

आतां अनुदानाची पद्धति पाहूं. प्रथम कांहीं माणसांनीं एकत्र येऊन संस्था नोंदवावी लागते. मग जागा, कपाटें, ठराविक संख्येचीं पुस्तकें, वर्तमानपत्रें, नियतकालिकें व वर्गणीदार सभासद हें सर्व स्वतःच्या बळावर उभें करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. तपासणी होऊन मान्यता मिळाली, तर ग्रंथालय अ, ब, क, ड यांपैकीं एका वर्गांत बसतें. वर्ग जसा वरचा तशी पुस्तकांची, सभासदांची, नोकरांची व उघडें राहण्याच्या तासांची अपेक्षा अधिक. जिल्हा, तालुका आणि इतर असाही भेद त्यांत केलेला आहे. खेड्यांतील ग्रंथालय ‘इतर’ या सदरांत मोडतें आणि बहुधा ‘ड’ वर्गापासून आरंभ करतें.

अनुदानाचा मूळ नियम थोडक्यांत असा: मागील वर्षीं ग्रंथालयानें जो मान्य खर्च केला, त्याच्या ९० टक्के रक्कम किंवा त्या वर्गासाठीं ठरविलेली कमाल मर्यादा, यांपैकीं जी कमी असेल ती द्यावयाची. उरलेले १० टक्के संस्थेनें उभे करावयाचे. म्हणजे आधीं खर्च, मग हिशेब, मग तपासणी आणि त्यानंतर पैसा. हा पैसाही एकदम न येतां हप्त्यांनीं येतो. हप्ता लांबला, तर मधल्या महिन्यांत वर्तमानपत्रवाल्याचें बिल, विजेचें देणें व नोकराचा पगार कोणी तरी उसनवारी करून भागवितो. कायद्याच्या पुस्तकांत या ‘कोणी तरी’ची नोंद नाहीं, परंतु अनेक लहान ग्रंथालयें त्याच्याच खांद्यावर उभीं आहेत.

ठरविलेल्या मर्यादा वेळोवेळीं वाढल्या. २०१२ सालीं त्या दीडपट झाल्या आणि २०२२ सालच्या निर्णयानें त्यांत ६० टक्के वाढ झाली. त्या निर्णयानें ‘इतर’ सदरांतील ‘अ’ वर्गाची मर्यादा वार्षिक ४,६०,८०० रुपये, ‘ब’ वर्गाची ३,०७,२००, ‘क’ वर्गाची १,५३,६०० आणि ‘ड’ वर्गाची ४८,००० रुपये ठरली. आंकडे ऐकतांना बरे वाटतात. पण ‘ड’ वर्गाचा हिशेब करून पाहावा. अनुदानाचा अर्धा भाग नोकराच्या वेतनासाठीं असतो आणि अर्ध्यांत पुस्तकें, वर्तमानपत्रें, भाडें, दिवाबत्ती, बांधणी हें सर्व येतें. ४८,००० चे अर्धे २४,०००. बारांनीं भागले तर महिना २,००० रुपये. एवढ्या मोबदल्यावर खेड्यांतील ग्रंथपालानें दार उघडावें, पुस्तकें द्यावीं, परत घ्यावीं, नोंदी राखाव्या आणि तपासणीस अधिकारी आला कीं सर्व दप्तर चोख दाखवावें, अशी व्यवस्था आहे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मजुराला जी रोजी मिळते, तिच्याशीं या वेतनाची तुलना केली तर ग्रंथपालास मान खालीं घालावी लागेल. आणि कायद्यांत लिहिलेले २५ लाख रुपये तेवढेच दिले, तर त्यांत ‘ड’ वर्गाचीं जेमतेम ५२ ग्रंथालयें पोसलीं जातील. सरकार प्रत्यक्षांत त्याहून कितीतरी अधिक देतें हें खरें. पण तें देणें दरसालच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असतें.

सवलतीबरोबर तिचा गैरवापरही येतोच. २०१२ सालीं राज्यांतील बारा हजारांहून अधिक मान्य ग्रंथालयांची महसूल खात्याकडून पडताळणी झाली, तेव्हां कित्येक ठिकाणीं पाटी आहे पण वाचक नाहीं, असें आढळलें. त्यानंतर पुष्कळ वर्षें नव्या ग्रंथालयांस मान्यता देणें थांबलें. शिक्षा योग्य होती कीं नाहीं हा वाद राहूं द्या. परंतु ज्या गांवांत तोंपर्यंत ग्रंथालय नव्हतें, त्या गांवांना दुसऱ्याच्या दोषाची किंमत मोजावी लागली, एवढें निश्चित.

राज्याच्या अनुदानाखेरीज आणखी एक वाट आहे. केंद्र सरकारनें १९७२ सालीं कलकत्त्यास राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापिलें. राज्याच्या वांट्याशीं आपला वांटा जोडून तें ग्रंथालयांस पुस्तकें पुरवितें. लहान ग्रंथालयांच्या कपाटांतील पुष्कळशी नवीं पुस्तकें या मार्गानें आलेलीं असतात.

या सर्व व्यवस्थेंत शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचें काम काय? तें त्या १० टक्क्यांत आहे. सरकारचे नव्वद रुपये लोकांच्या खर्चाकडे पाहून येतात. सभासद घटले, वर्गणी आटली कीं संस्थेचा स्वतःचा वांटा उभा राहत नाहीं, खर्च आंखडतो आणि पुढच्या वर्षीं अनुदानही आंखडतें. म्हणून आपल्या पेठेंतील ग्रंथालयाची वर्गणी वेळेवर भरणें, वार्षिक सभेस जाऊन हिशेब विचारणें आणि ग्रंथपालाचें वेतन हा विषय त्या सभेपुढें मांडणें, या तीन गोष्टी ज्याच्या त्याच्या हातच्या आहेत. बिरसीकडच्या एखाद्या वाचनालयाचा दिवा तेवढ्यानें लागणार नाहीं. त्यासाठीं त्या गांवच्याच चार माणसांनीं उठलें पाहिजे. पण तीं उठलीं, तर त्यांस मान्यतेचें दार उघडें सांपडावें आणि किल्ली सांभाळणाऱ्यास पोटापुरतें मिळावें, हें पाहणें साऱ्या महाराष्ट्राचें काम आहे.