धुळीतला कण काय सांगतो?

नाशिकच्या सराफ बाजारात दुकानांसमोरची माती झाडून गोळा करणारे झारेकरी वाचकांनी पाहिले असतील. माझे वडील त्यांपैकीच एक. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. "कण कितीही बारीक होऊ दे, सोनं ते सोनंच," असे ते घमेल्यात माती धुताना म्हणतात. ते खरेच आहे. पण एका मर्यादेपलीकडे सोन्याचा पिवळा रंग मात्र टिकत नाही.

मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढे सोन्याचे कण पाण्यात तांबडे दिसतात. मायकेल फॅरडेने १८५७ साली असे तांबडे पाणी अभ्यासले होते. भरलेली परात घेऊन चालताना पाणी एका ठरावीक लयीत हिंदकळते ना? कणातील इलेक्ट्रॉनही प्रकाशाच्या धक्क्याने तसेच एकत्र हिंदकळतात आणि पृष्ठभागावर साचलेला विद्युतभार त्यांना मागे खेचतो. यालाच पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. ज्या प्रकाशाची लय जुळते, तो शोषला जातो. सोन्याच्या कणांत हिरवा शोषला जातो, तांबडा उरतो.

आता दुसरा कण घेऊ. १९८६ साली झुरिचजवळ बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडाचा एक नवा अतिसंवाहक सापडला. अतिसंवाहक म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विजेला मुळीच विरोध न करणारा पदार्थ. पुढच्याच वर्षी त्याच जातीचा, द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंश थंडीत चालणारा पदार्थ मिळाला. यांची रचना चिरोट्यासारखी, पदरावर पदर अशी असते. पदरातून इलेक्ट्रॉन सहज धावतात. एका पदरातून दुसऱ्यात जाणे मात्र कठीण. त्यामुळे एरवी पदरांआडवे हिंदकळणे सुरू होताच विझते. पदार्थ अतिसंवाहक झाला, की इलेक्ट्रॉनांच्या जोड्या पदर विनासायास ओलांडतात आणि हिंदकळणे टिकते.

१९९० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी अशा पदार्थांची बारीक पूड करून ती थंड केली आणि कोणता प्रकाश शोषला जातो ते मोजले. तो डोळ्यांना न दिसणारा, दूरचा अवरक्त प्रकाश होता. त्याच्या लयीवरून पदर एकमेकांशी किती घट्ट जोडलेले आहेत, हे कळते.

हे सारे मी वडिलांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तेही धूळच धुतात की!"

मला याहून सोपे सांगता आले नसते.