रानहंसांची फसवणूक

ऑक्टोबरात कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात गहू-बार्लीची कापणी उरकलेली असते आणि सांडलेले दाणे टिपायला रानहंसांचे थवे शेतात उतरतात. शिकारी तिथे अंधारातच पोचून प्लास्टिकचे नकली हंस मांडतो. खरी मेख या मांडणीत आहे. हंस वाऱ्याला तोंड करून उतरतात. म्हणून नकली थवा घोड्याच्या नालेसारखा मांडून उघडी बाजू वारा वाहत जातो त्या दिशेला, म्हणजे हंस येणार तिकडे, ठेवतात. मधली मोकळी जागा पाहुण्यांसाठी! बहुतेक नकली हंसांच्या माना खाली, चरताना असतात तशा. ताठ मानेचे पहारेकरी दोन-चारच. ते वाढले तर थव्याला धोक्याचा वास येतो. पहाटेचं दहिवरही पुसावं लागतं, नाहीतर उन्हात प्लास्टिक चमकतं.

हंसांच्या आवाजाची शिट्टी थवा पाठ फिरवू लागला तर वाजवायची. सरळ येत असेल तर गप्प बसलेलंच बरं. नवशिका नेमका तेव्हाच फुंकत सुटतो.

लपण्याचं म्हणाल तर शेतातलंच धसकट खोचलेल्या आडोशात उताणं पडायचं आणि चेहरा झाकायचा.

अमेरिकेत पूर्वी आमिष म्हणून जिवंत हंस बांधून ठेवत. 1935मध्ये त्यावर बंदी आली. ध्वनिमुद्रित आवाजही एरवी निषिद्धच. पण रानहंसांपैकी हिमहंस इतके वाढले, की हडसन उपसागराकाठची कुरणं ते मुळासकट ओरबाडू लागले. म्हणून 1999पासून खास मोसमात त्यांच्यापुरती ध्वनिमुद्रित आवाजावरची बंदी शिथिल केली जाते.