डोके दुखते, पण कोणापाशी?

आमच्या खानदेशातून, जळगाव-धुळ्याकडून, कित्येक मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात. तेथे बऱ्याच ठिकाणी वर्गात इंग्रजी चालते. रुग्णालयात खाटेवरचा रोगी मात्र रशियनच बोलतो. तो म्हणतो, 'ऊ मिन्या बलीत गलावा.' शब्दशः पाहिले तर 'माझ्यापाशी दुखते डोके'. इंग्रजीतून विचार करणारा येथे 'मी' हा कर्ता शोधत बसतो. मराठी मुलाला तो शोधावा लागत नाही. 'माझे डोके दुखते' यात तरी दुसरे काय आहे? अहिराणीत म्हणाल 'मन्हं डोकं दुखस'. तिन्हीकडे कर्ता डोकेच!

आता 'ऊ मिन्या तेम्पेरातूरा' हे वाक्य घ्या. 'मला ताप आहे.' यात क्रियापदच नाही. (पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला हे खटकते, तापमान तर दगडालाही असते!) वर्तमानकाळात रशियन भाषा 'आहे' बहुधा गाळते. 'एता व्राच' म्हणजे 'हा डॉक्टर'. आवाज चढवला की तेच वाक्य प्रश्न होते. आपणही 'हा माझा भाऊ' म्हणतोच की. दोन नामे जोडायची असली तर लिहिताना मध्ये आडवी रेघ देतात, समीकरणातल्या बरोबरच्या चिन्हासारखी.

खरी मेख विभक्तीत आहे. ही तीन वाक्ये पाहा :

व्राच वीदित बल्नोवा – डॉक्टर रोग्याला पाहतो.
व्राचा वीदित बल्नोय – डॉक्टरला रोगी पाहतो.
व्राच वीदित दोम – डॉक्टर घर पाहतो.

पहिल्या दोन वाक्यांत शब्दांचा क्रम तोच, पण शेवट बदलले आणि पाहणारा बदलला. साधा क्रम कर्ता-क्रियापद-कर्म असा असतो. तरी कर्ता कोण हे जागेवरून नव्हे, प्रत्ययावरून ठरते. तिसऱ्या वाक्यात 'दोम'ला प्रत्यय नाही, कारण घर निर्जीव. आपणही 'रोग्याला पाहतो' पण 'घर पाहतो' म्हणतो. मला तर हे साम्य फारच मौजेचे वाटते. अर्थात हा नियम अशा पुंल्लिंगी नामांचा. एकवचनी आकारान्त स्त्रीलिंगी नाम सजीव असो वा निर्जीव, कर्म झाले की त्याच्या शेवटी 'उ' येतो : 'क्नीगा' (पुस्तक) चे 'क्नीगु'. विभक्ती सहा आहेत आणि त्या पाठ केल्यावाचून गत्यंतर नाही.

मराठी मुलगा फसतो तो भूतकाळात. तेथे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, जसे आपले 'आला, आली'. मात्र 'आ' दिसला की आपण पुंल्लिंग समजतो. रशियनमध्ये नेमके उलट! 'ब्रात बल्येल' म्हणजे भाऊ आजारी होता, तर 'सिस्त्रा बल्येला' म्हणजे बहीण आजारी होती. ही 'सिस्त्रा' रुग्णालयात परिचारिकाही असते, आपल्याकडच्या 'सिस्टर'सारखीच.