कांद्याच्या पेशीतले पहारेकरी

लासलगावच्या बाजार समितीतला कांद्याचा भाव रोज छापून येतो. त्या कांद्याच्या पेशीत काय भरलंय, याची बातमी क्वचितच होते. शाळेत कांद्याचा पापुद्रा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की प्रत्येक पेशीत एक गडद ठिपका दिसायचा. त्या केंद्रकात सुमारे दहा मीटर डीएनए गुंडाळलेला असतो. आपल्या पेशीत असतो दोनच मीटर. कांद्याचा जीनोम १६०० कोटी अक्षरांचा, आपला ३०० कोटींचा!

२०२१ साली तो वाचला गेला, तेव्हा त्यातला ७० टक्क्यांहून अधिक मजकूर पुन्हा पुन्हा आलेला निघाला. त्यात मोठा भरणा उड्या मारणाऱ्या जनुकांचा. बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी ती मक्यात शोधली, पण नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. यांतली बरीचशी स्वतःच्या नकला काढून जीनोममध्ये कुठेही घुसतात. कामाच्या जनुकात घुसली तर ते जनुक बाद.

मग एवढ्या घुसखोरांसकट कांदा उगवतो कसा? पेशी त्यांना गप्प करते. घुसखोराच्या आरएनएचे डायसर हे विकर २१ ते २४ अक्षरांचे तुकडे पाडतं. आर्गोनॉट नावाचं प्रथिन असा एक तुकडा घेऊन जुळणारा मजकूर हुडकतं, श्वानपथकातल्या कुत्र्याला चोराचा रुमाल हुंगवावा तसं. जुळणारा आरएनए सापडला की तो कापला जातो. डीएनएवर मेथिल गट चिकटवून ते जनुक वाचताच येणार नाही असं केलं जातं.

हे इवले तुकडे १९९९ मध्ये वनस्पतींत प्रथम दाखवले अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोंब यांनी, इंग्लंडमधल्या नॉरिचला. २००६चं नोबेल मात्र कृमींवर काम करणाऱ्या फायर आणि मेलो यांना गेलं. २००८चा लास्कर पुरस्कार बॉलकोंब यांना प्राण्यांवर काम करणाऱ्या अँब्रॉस आणि रुव्हकुन यांच्यासोबत मिळाला; त्या दोघांना २०२४ मध्ये नोबेल मिळालं, बॉलकोंब पुन्हा बाहेरच. फायर-मेलोंचं काम थोरच आहे, पण पानातला शोध प्राण्यातल्या शोधापेक्षा हलका मानायची ही सवय मला अन्यायाची वाटते.

विषाणूंनाही पेशी याच यंत्रणेने तोंड देते. पण विषाणूही तयारीने येतात. फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या आयरिस यलो स्पॉट विषाणूची नोंद जालना आणि नाशिक भागातल्या कांद्यावर २००६ मध्ये झाली. पातीवर फिकट पिवळे, चौकटच्या आकाराचे डाग पडतात. या विषाणूजवळचं एनएसएस नावाचं प्रथिन पेशीची ही यंत्रणाच लुळी पाडतं. एकदा लागण झाली की झाडाला बरं करणारं औषध नाही, म्हणून शेतकऱ्याला आधीच फुलकिड्यांमागे लागावं लागतं.