काचबिंदूचं ऑपरेशन : उरलेली नजर राखण्यासाठी

“महिना झाला ऑपरेशनला, दिसणं काही वाढलं नाही. पैसे पाण्यात गेले.” मामूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर आमच्या घरात हेच बोलणं चालू होतं. चूक आमचीच होती. आम्ही काचबिंदूला मोतीबिंदू समजून बसलो होतो. मोतीबिंदूत गढूळ भिंग बदललं की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकते आणि गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने येत नाही. जी उरली आहे, ती राखता येते.

‘ओपन अँगल’ प्रकारात डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) ज्या बारीक जाळीतून बाहेर पडतं, तिथे अडथळा येतो. दाब वाढतो, पण दुखत नाही, म्हणून उशीर होतो.

उपाय सहसा थेंबांनी किंवा एसएलटी लेसरने सुरू होतो. लेसरला काही मिनिटं पुरतात, मात्र काही वर्षांनी त्याचा असर ओसरू शकतो. एवढ्याने भागलं नाही तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी. 1968 मध्ये केर्न्स यांनी मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही होते. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाण्याला नवी वाट करून देतात. गंमत अशी, की इथे जखम पुरती भरून येणं हाच धोका, कारण वाट बुजते. म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात आणि सुरुवातीचे आठवडे वरचेवर तपासायला बोलावतात. त्या फेऱ्या चुकवू नयेत. ही वाट बुजली किंवा बुजण्याची भीती जास्त असली, तर अहमद व्हॉल्व्हसारखी नळी बसवतात. मदुराईची ऑरोलॅबही अशी नळी बनवते. आजार फार पुढे गेलेला नसेल, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबरच इवलासा स्टेंटही बसवता येतो.

मामूंचा पहिला सवाल नमाजचा होता. सजद्यात डोकं खाली गेलं की डोळ्याचा दाब तेवढ्यापुरता वाढतो. डॉक्टरांनी काही आठवडे वाकायला आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायला मनाई केली. मौलानांनी आजाऱ्याची सवलत समजावली. मामूंनी खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा केली.

एक गोष्ट मात्र जन्मभर लक्षात ठेवायची. ऑपरेशन झालेला डोळा कित्येक वर्षांनीही लाल झाला, दुखला किंवा चिकट झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांनाही तपासायला सांगितलं. मामूंची सख्खी बहीण म्हणजे आमची अम्मी. तिचाही दाब वाढलेला निघाला. रात्रीचा थेंब आता आम्ही आळीपाळीने घालतो.