मोबाईलमधून घरात येणारा अनोळखी

रमजानमध्ये घराचे वेळापत्रकच बदलते. तरावीहची नमाज आटोपून मोठी माणसे परततात, घरात सहेरीची तयारी सुरू असते आणि मुलेही जागीच असतात. मोठ्यांचे लक्ष कामात असले की त्यांच्या हातात मोबाईल येतो. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारच्या घरीही हेच चित्र असते. दारात एखादा अनोळखी माणूस मुलाशी बोलू लागला, तर आई लगेच बाहेर येते. तोच माणूस गेममधून बोलतो, तेव्हा मात्र घरात कुणाला चाहूलही लागत नाही.

अशा माणसाची पद्धत बहुतेक वेळा ठरलेली असते. तो स्वतःला मुलाच्याच वयाचा सांगतो, खेळाचे कौतुक करतो, गेममधली नाणी भेट देतो. मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’ म्हणतो. त्यानंतर येते ‘घरी सांगू नकोस’. पुढे एखादा खासगी फोटो मागितला जातो आणि तो मिळताच धमकी सुरू होते: पैसे दे, नाहीतर सगळ्या वर्गाला दाखवतो. आता तर असा फोटो मुलाने पाठवायलाही लागत नाही. ईदच्या नव्या कपड्यांतल्या साध्या फोटोवरूनही कृत्रिम बुद्धिमत्तेने अश्लील चित्र तयार करता येते.

मूल गप्प का बसते? धमकी देणाऱ्याची भीती असते, तितकीच घरच्यांच्या रागाची. फोन काढून घेतील, मारतील, असे त्याला वाटते. म्हणून काही घडण्याआधीच त्याला सांगून ठेवावे: ‘चूक तुझी असली तरी आधी मला येऊन सांग. मी रागावणार नाही.’ आणि तो शब्द पाळावा.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर खाते उघडायला किमान वय 13 वर्षे आहे. लहान मुलाला खोटी जन्मतारीख टाकून खाते काढून देऊ नये. खाते खासगी ठेवावे, गेममधील अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय बंद करावी. अँड्रॉइड फोनवर ‘गूगल फॅमिली लिंक’ने वेळेची मर्यादा घालता येते. रात्री सगळ्यांचे फोन, मोठ्यांचेही, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. पण कुलूप एका मर्यादेपर्यंतच पुरते. रोजा असलेले मूल घरात एकटे असले, तरी माठातले पाणी पीत नाही. त्याला कारण समजलेले असते. फोनच्या नियमांचेही कारण त्याला समजावून सांगायला हवे.

तरीही प्रकार घडलाच, तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून संभाषण पुसू नये. खात्याचे नाव, नंबर, धमकीचे मेसेज जपून ठेवावेत आणि मग त्याला ब्लॉक करावे. मुलाचा तसला फोटो मात्र पुरावा म्हणूनही नातेवाइकांना किंवा ग्रुपवर पाठवू नये. मुलांची अश्लील चित्रे पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करावा. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते.

बदनामीच्या भीतीने अनेक घरे पोलिसांकडे जात नाहीत. 2012 च्या पोक्सो कायद्याने याचा विचार केला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या जागी घ्यावा, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असे हा कायदा सांगतो. मुलाची ओळख उघड करायलाही माध्यमांना मनाई आहे.

इफ्तारच्या दस्तरखानावर असो की रात्रीच्या जेवणाला, सगळे घर एकत्र बसतेच. ‘आज अभ्यास किती झाला?’ हे रोज विचारले जाते. ‘आज कुणाबरोबर खेळलास?’ हेही तितक्याच सहज विचारायला सुरुवात करावी आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.